१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : पटावरच्या दाण्यांच्या संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसांनी हा खेळ या गावात रुजवला. त्यामुळे पटावर दुपटीने दाणे ठेवण्याची गोष्ट येथील मुलांच्या कानावर फार लवकर पडते आणि त्या गोष्टीतील संख्येविषयीचे प्रश्नही सांगली, मिरज आणि साताऱ्याकडून सतत येत राहतात. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घात दाखवण्यासाठी २^६४ अशी खूण वापरली असून तिचा अर्थ ‘६४ वेळा २ घेऊन केलेला गुणाकार’ असा आहे.

१. ही संख्या नेमकी कोठून येते?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे प्रत्येक पुढच्या घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास चौसष्टाव्या घरात २^६३ दाणे येतात. सर्व घरांतील दाण्यांची बेरीज, म्हणजेच १ + २ + ४ + … + २^६३, ही २^६४ − १ इतकी भरते. हीच १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या होय.

बेरीज २^६४ पेक्षा बरोबर एकने कमी का येते, हे सूत्र न वापरताही कळते. पहिल्या घरात आणखी एक दाणा टाकला, तर तेथे २ होतात. हे २ दुसऱ्या घरातील २ मध्ये मिळवले की ४ होतात, ते तिसऱ्या घरातील ४ मध्ये मिळवले की ८ होतात. असे करत शेवटच्या घरापर्यंत गेल्यावर सगळे दाणे एकत्र येऊन २^६४ होतात. आपण टाकलेला जादा दाणा वजा केला की मूळ बेरीज मिळते.

२. एवढी मोठी संख्या मराठीत वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहावी लागते. व्यवहारातील मराठीत ती ‘१,८४,४६७ कोटी कोटी, ४४,०७,३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५’ अशी वाचणे सर्वांत सोयीचे आहे.

भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील शेवटचे परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या त्याही पलीकडे जाते, त्यामुळे तिचे पहिले तीन अंक एकत्र घेऊन ‘१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५’ असे वाचन करावे लागेल. निखर्व आणि कोटी या दोन स्थानी शून्य असल्यामुळे ती नावे येत नाहीत. हे वाचन विद्यार्थ्यांनी एकदा तरी मोठ्याने करावे, कारण स्थानिक किंमत म्हणजे काय हे त्यातून फार चांगले समजते.

३. ६४ पदांची बेरीज न करता हा आकडा वहीवर काढता येईल का?

येईल, आणि त्यासाठी फक्त सहा वर्ग करावे लागतात. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६, ६५५३६ चा ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. प्रत्येक वर्गाबरोबर घातांक दुप्पट होतो: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. शेवटी १ वजा करायचा.

ही युक्ती जुनी आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रात २ चा कोणताही घात काढण्यासाठी घातांक सम असेल तर निम्मा करून वर्ग करणे आणि विषम असेल तर एक कमी करून दुप्पट करणे, अशी रीत सूत्ररूपाने आली आहे. लीलावतीत भूमिती श्रेढीची बेरीज याच रीतीने केली असून तेथील उदाहरणात पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट, असे महिनाभर दान देणाऱ्याचा हिशेब विचारला आहे. ती बेरीज २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होते. अल-बिरुनी या विद्वानाने इ. स. १००० च्या सुमारास पटाचा हिशेब करून आपली वीस अंकी संख्या अचूक लिहून ठेवली होती.

४. कोठे शेवटी ६१५ असते, कोठे ६१६, तर कोठे ८०८. बरोबर कोणते?

तिन्ही बरोबर आहेत, परंतु त्या तीन वेगळ्या संख्या आहेत. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही सर्व घरांची बेरीज. १८४४६७४४०७३७०९५५१६१६ म्हणजे २^६४. पासष्टावे घर असते तर त्यात एवढे दाणे पडले असते. ९२२३३७२०३६८५४७७५८०८ म्हणजे २^६३, केवळ शेवटच्या घरातील दाणे. आधीच्या ६३ घरांत मिळून ९२२३३७२०३६८५४७७५८०७ दाणे असतात, म्हणजे शेवटच्या एका घरात इतर सर्व घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो. प्रश्न ९ मध्ये या दोन संख्यांचा पुन्हा उपयोग होईल.

५. जतच्या शाळूने हिशेब केला तर ही ज्वारी किती भरेल?

टपोऱ्या ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारणपणे ३० ते ४० ग्रॅम असते. आपण ३० ग्रॅम धरू. मग पटाच्या पहिल्या दोन ओळींत सुमारे दोन किलो ज्वारी मावते, पहिल्या २२ घरांत मिळून सव्वा क्विंटल होते आणि अर्धा पट, म्हणजे ३२ घरे भरल्यावर सुमारे १२९ टन होते. येथपर्यंतचा माल काही मालमोटारींतून बाजार समितीत नेता येईल. पूर्ण पटाचा हिशेब मात्र सुमारे ५५,३४० कोटी टनांवर जातो. भारतात सर्व अन्नधान्य मिळून अलीकडे वर्षाला ३३ ते ३६ कोटी टन पिकते. त्या वेगाने हे धान्य पिकवायला पंधराशे ते सतराशे वर्षे लागतील.

साठवणुकीचा विचार केल्यास, एका घनमीटरमध्ये सुमारे ७५० किलो ज्वारी बसते असे धरून, या राशीला ७३,८०० कोटी घनमीटर जागा लागेल. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८ कोटी घनमीटर आहे. कोयनेसारखी जवळपास अडीचशे धरणे काठोकाठ भरावी लागतील. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरल्यास हे वजन आणि ही जागा दोन्ही एकतृतीयांशाने वाढतील.

६. या संख्येला कोणत्या लहान संख्यांनी भाग जातो?

३, ५, १५ आणि १७ ने निःशेष भाग जातो. ७, ९, ११ आणि १३ ने जात नाही. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरतात. ६४ ला ४ ने भाग जात असल्यामुळे २^६४ चा शेवटचा अंक ६ येतो आणि एक वजा केल्यावर ५ उरतो, म्हणून ५ ने भाग जातो. सर्व अंकांची बेरीज ८७ आहे. तिला ३ ने भाग जातो, ९ ने नाही. विषम व सम स्थानांतील अंकांच्या बेरजांतील फरक ३७ येतो, म्हणून ११ ने भागल्यास बाकी ४ उरते.

७ साठी सोपा मार्ग असा: २^३ = ८ ला ७ ने भागल्यास बाकी १ राहते. ६४ मध्ये ३ एकवीस वेळा बसून १ उरतो, म्हणून २^६४ ची बाकी २ आणि आपल्या संख्येची बाकी १. तेरा वारसांत सारखी वाटणी होईल का, असेही एका वाचकाने विचारले होते. होणार नाही, २ दाणे उरतील.

७. ही मूळ संख्या आहे का? नसेल तर तिचे मूळ अवयव कोणते?

मूळ संख्या नाही. तिचे मूळ अवयव असे आहेत: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

आमच्या मते या संख्येचे खरे वैभव तिच्या आकारात नसून या अवयवांत आहे. ६४ हा स्वतः २ चा घात असल्यामुळे क² − १ = (क − १)(क + १) हे शाळेतील सूत्र येथे ओळीने सहा वेळा वापरता येते. २^६४ − १ चे (२^३२ − १)(२^३२ + १) असे दोन भाग पडतात. त्यातील पहिल्या भागाचे पुन्हा (२^१६ − १)(२^१६ + १) होतात, आणि असे करत शेवटी (२ − १) पर्यंत आल्यावर ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ हा गुणाकार उरतो. हे सहाही अवयव फर्मा संख्या, म्हणजे २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ अशा घातांक दुप्पट होत जाणाऱ्या संख्या, म्हणून ओळखले जातात. त्यांतील पहिले पाच मूळ आहेत. फर्माने १६४० च्या सुमारास अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात असा तर्क मांडला होता; १७३२ मध्ये ऑयलरने सहावी संख्या फोडून दाखवली: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

सात अवयवांपैकी कोणताही दुसऱ्यांदा येत नाही, यालाही कारण आहे. कोणत्याही फर्मा संख्येतून २ वजा केले की तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो; उदाहरणार्थ, २५७ − २ = ३ × ५ × १७. त्यामुळे दोन फर्मा संख्यांचा सामाईक विभाजक असलाच तर त्याने २ ला भाग गेला पाहिजे. पण या सर्व संख्या विषम आहेत, म्हणून सामाईक विभाजक १ च राहतो.

८. ६४१ हा आकडा ऑयलरला सापडला तरी कसा? प्रत्यक्ष भागाकार न करता तो पडताळता येतो का?

ऑयलरने हे सिद्ध केले की, २^३२ + १ चा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असला पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या आहेत. म्हणजे शेकडो मूळ संख्या तपासत बसण्याऐवजी पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते.

पडताळणी त्याहून देखणी आहे. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४ हे दोन्ही खरे आहे. पहिल्यावरून ५ × २^७ ची ६४१ ने भागल्यावरची बाकी −१ मानता येते. तिचा चौथा घात घेतल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ० येते. दहावीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर चार ओळींत समजावता येईल अशी ही सिद्धता आहे आणि ती शिकवली जावी असे आम्हांला मनापासून वाटते.

९. या संख्येला एकूण विभाजक किती? त्याचा ६४ घरांशी काही संबंध आहे का?

सात वेगवेगळे मूळ अवयव एकेकदाच येत असल्यामुळे विभाजकांची संख्या २^७ = १२८ आहे. ते जोड्यांनी येतात, म्हणून ही संख्या दोन संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात बरोबर ६४ प्रकारे लिहिता येते. शिवाय ती विषम असल्याने अशा प्रत्येक जोडीवरून दोन वर्गांची एक वजाबाकी मिळते, म्हणून दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपातही ती ६४ प्रकारे मांडता येते. ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७ या जोडीवरून (२^३२)² − १² मिळते. १ आणि स्वतः ती संख्या या जोडीवरून तर शेवटच्या घरातील दाण्यांचा वर्ग वजा आधीच्या ६३ घरांतील एकूण दाण्यांचा वर्ग, ही मांडणी मिळते (प्रश्न ४ पाहा).

पटावरील घरे आणि या मांडण्या यांचा आकडा सारखा येणे हा योगायोग आहे. सहावी फर्मा संख्या मूळ निघाली असती, तर अवयव सहाच राहिले असते आणि मांडण्या ३२ झाल्या असत्या. ६४१ मुळे त्या दुप्पट झाल्या.

१०. ही मर्सेन संख्या आहे ना? मग मूळ का नाही?

२ च्या घातापेक्षा एकने लहान असलेली संख्या, म्हणजेच मर्सेन संख्या, मूळ असण्यासाठी घातांक मूळ असणे आवश्यक असते. ६४ संयुक्त असल्यामुळे त्याच्या १, २, ४, ८, १६, ३२ या विभाजकांवरून मिळणाऱ्या १, ३, १५, २५५, ६५५३५ आणि ४२९४९६७२९५ या सर्वांनी आपल्या संख्येला भाग जातो.

उलट विधान मात्र खरे नाही, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आपल्या आसपास पाहिल्यास २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ आहे; ते पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवले. परंतु ६७ हा घातांक मूळ असूनही २^६७ − १ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असल्याचे कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले.

११. ती पूर्ण वर्ग आहे का? निदान दोन वर्गांची बेरीज तरी?

दोन्ही नाही. तिला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. वर्गाची ४ ने भागल्यावरची बाकी ० किंवा १ असते, म्हणून एक वर्ग किंवा दोन वर्गांची बेरीज ३ ही बाकी देऊ शकत नाही. ८ ने भागल्यास बाकी ७ येते आणि वर्गांच्या बाक्या ०, १ किंवा ४ इतक्याच असतात. तीन वर्ग मिळूनही ७ जुळत नाही. लाग्रांजच्या प्रमेयानुसार चार वर्ग नेहमी पुरतात, म्हणून येथे किमान चार वर्ग लागतातच. वजाबाकीची गोष्ट वेगळी आहे. ती प्रश्न ९ मध्ये आली आहे.

१२. २^६३ ने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

नाही. युक्लिडची रीत, म्हणजे २^(न − १) × (२^न − १) हा गुणाकार, फक्त २^न − १ मूळ असतानाच लागू पडते. २^६० × (२^६१ − १) परिपूर्ण आहे, २^६३ × (२^६४ − १) नाही. स्वतः आपली संख्या न्यून आहे: तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्या सुमारे १.७०३ पटच भरते, तर परिपूर्ण संख्येत ती बरोबर दुप्पट असते.

१३. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येईल का?

तत्त्वतःदेखील येणार नाही. गाउस आणि वान्त्झेल यांच्या प्रमेयाप्रमाणे विषम बाजूंचा सुसम बहुभुज तेव्हाच रचता येतो, जेव्हा बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असते. आपल्या संख्येत ६४१ आणि ६७००४१७ हे फर्मा संख्येचे अवयव आहेत, पण स्वतः फर्मा संख्या नाहीत. अर्ध्या पटाची बेरीज, म्हणजे ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, मात्र या अटीत चपखल बसते. आज ज्ञात असलेल्या मूळ फर्मा संख्या या पाचच असल्यामुळे, रचता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी हाच सर्वांत मोठा ज्ञात बहुभुज ठरतो.

१४. एक्सेलमध्ये २^६४ − १ केले की शेवटचे अंक शून्य दिसतात. माझे सूत्र चुकले का?

सूत्र बरोबर आहे. एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवते, म्हणून १८४४६७४४०७३७०९६००००० असे दिसते. आतील साठवणही अपुरी पडते: तेथे २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक राहतात आणि २^६३ ते २^६४ या टप्प्यात लगतच्या दोन साठवता येणाऱ्या संख्यांमध्ये २०४८ चे अंतर असते. त्यामुळे १ वजा केलेला लक्षातच येत नाही. अचूक उत्तरासाठी कितीही मोठे पूर्णांक हाताळणारी पायथनसारखी भाषा वापरावी.

द्विमान पद्धतीत ही संख्या ओळीने ६४ एककांनी लिहिली जाते. म्हणूनच ६४ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी बिनचिन्ह संख्या आहे. तेवढ्याच जागेत तिच्यात १ मिळवला, तर उत्तर ० येते. चिन्हासाठी एक बिट राखून ठेवल्यास कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ होते. ही संख्या प्रश्न ४ मध्ये भेटली आहे.

१५. ब्रह्मदेवाच्या मनोऱ्यातील ६४ चकत्यांच्या कोड्यातही हीच संख्या का येते?

या कोड्यात एका खुंटीवर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या तीन खुंट्या वापरून दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या असतात; एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. सर्वांत खालची चकती हलवण्याआधी वरच्या सगळ्या बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणून एक चकती वाढली की खेळ्या दुप्पट होऊन आणखी एक वाढतात: १, ३, ७, १५ … आणि ६४ चकत्यांसाठी २^६४ − १. हे कोडे फ्रेंच गणिती एद्वार लुकास यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. दर सेकंदाला एक खेळी केली, तरी सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

१६. पटाचा शोध लावणाऱ्याने राजाकडे दाणे मागितले, ही गोष्ट खरी आहे का?

तिला ऐतिहासिक पुरावा नाही. ती अरबी-फारसी परंपरेतून पसरली. त्यात शोधकाचे नाव सिस्सा असे येते आणि राजा हिंदुस्थानचा असतो. गणित मात्र गोष्टीवर अवलंबून नाही.

१७. दुपटीऐवजी तिपटीने दाणे ठेवले, तरी अवयव इतकेच नीटस येतील का?

येणार नाहीत. तिपटीची बेरीज (३^६४ − १) ÷ २ होते आणि प्रश्न ७ मधील रीत वापरली की ती ४ × १० × ८२ × ६५६२ × ४३०४६७२२ × (३^३२ + १) अशी सुटते. अवयव सहाच आहेत, परंतु येथे प्रत्येक अवयव सम आहे. म्हणून त्यांचे आपापसांतील सामाईक विभाजक १ राहत नाहीत आणि एकही मूळ अवयव दुसऱ्यांदा न येण्याचा गुण नाहीसा होतो. ४ मधून २ दोनदा येतो आणि उरलेल्या पाच अवयवांतून प्रत्येकी एकदा, कारण विषम वर्गात १ मिळवल्यास ४ ने कधीच भाग जात नाही. त्यामुळे तिपटीच्या बेरजेला २ च्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ ने भाग जातो, पण २५६ ने जात नाही.